ब्रेकमधली हवा

"सर्जेराव, गाडी काडा. मांडवाची मेढ हितंच यायची हाय."

मी माझ्या जीपखाली उताणा पडलो होतो. रंगरावचं धोतर आणि वहाणा तेवढ्या दिसत होत्या, पण आवाजावरून माणूस ओळखला. गावातल्या प्रत्येक लग्नाचा मांडव हाच घालायचा आणि प्रत्येक लग्नात कुणाशी ना कुणाशी भांडायचा. त्यानं दोरखंडाचं भेंडोळं दाणकन बोनेटवर टाकलं.

"ते भेंडोळं उचल आदी," मी खालूनच म्हणालो. "कालच रंग दिलाय."

"रंगाचं ऱ्हाऊ द्या. उद्या हळद, परवा लगीन. दिवस मावळायच्या आत मेढ रवली पायजे. आन तुमची गाडी बरुबर मेढीच्या जाग्यावर हाय."

"गाडी हलत न्हाई."

"का बरं? काल इंजान चालू झाल्यालं ऐकलं की सगळ्या गल्लीनं. म्हशी दाव्याला हिसडं मारत हुत्या."

"इंजान चालतंय. ब्रेक न्हाईत. अंगान हे असं उताराचं, खाली आड. चाकाम्होरचं दगड काडलं की गाडी थेट आडात. मग त्यात रवा तुमची मेढ."

रंगराव थोडा घुटमळला. मी मुद्दाम अडवून बसलोय असं त्याला वाटलं असणार, आणि त्यात त्याची काही चूक नव्हती. लग्न माझ्या सख्ख्या भावाच्या मुलीचं होतं, आणि आम्ही दोघं भाऊ कैक वर्षं एकमेकांशी बोलत नव्हतो.

"हिंदुरावदादाला सांगतो मग," तो म्हणाला.

"खुशाल सांग."

वहाणा फटक फटक वाजवत तो भिंतीपलीकडं गेला. भेंडोळं बोनेटवरच राहिलं.

आमचं घर शाहूवाडीच्या डोंगराला टेकून आहे. मुळात एकच घर, मधे भिंत घातलेली. पलीकडं तेव्हा हिंदुराव, म्हणजे माझा थोरला भाऊ, त्याची बायको आणि त्यांची एकुलती एक रेश्मा. अलीकडं मी एकटा. अंगण तेवढं दोघांत एक राहिलं होतं, कारण आड एकच होता आणि आड काही मधोमध चिरता येत नाही. बाकी जे जे चिरता आलं ते आम्ही चिरलं. आता भिंत आहे, पण पलीकडं कुणी नाही. दादा गेला, वहिनी रेश्माकडं इचलकरंजीला असते. कान लावून बसलो तरी आवाज येत नाही.

जीप वडलांची. मिलिटरीच्या लिलावातून आणलेली, जुनी, फोर व्हीलची. गिअरच्या दांड्याशेजारी तिला अजून एक दांडा होता, तो ओढला की पुढची चाकंही जोर लावायची आणि पावसाळ्यात जिथं बैल गुडघे टेकायचे तिथून ती गुरगुरत वर यायची. तिची दुरुस्ती वडील अंगणातच करायचे. एकाला खाली घालायचे, एकाला सीटवर बसवायचे. दादा आणि मी त्या गाडीच्या वर-खाली करतच मोठे झालो.

वाटणीच्या वेळी शेत एका बैठकीत वाटलं गेलं. भांडी, जनावरं, नारळाची झाडं, सगळं गुण्यागोविंदानं. घोडं अडलं ते जीपपाशी. तो म्हणाला मी थोरला, मी म्हणालो ती चालवतो कोण? पंच चहा पिऊन पिऊन कंटाळले. शेवटी त्यातला एकजण वैतागून म्हणाला, "मग इंजान एकाला द्या आन सांगाडा एकाला." त्या बिचाऱ्यानं चेष्टेनं म्हटलं होतं. आम्ही दोघंही म्हणालो, "चालंल." दुसऱ्याला अख्खी मिळू नये एवढंच आम्हाला हवं होतं.

इंजिन, गिअरबॉक्स आणि पुढच्या चाकांना जोर देणारा फोर व्हीलचा डबा दादाकडं गेला. त्यानं फणसाच्या फांदीला चेनकप्पी लावून ते उचललं, नदीवर नेलं आणि पंपाला जोडलं. चासी, बॉडी आणि चार चाकं माझ्याकडं राहिली. इंजिन बैलगाडीत चढवताना तो म्हणाला, "जा आता तुजी चाकं घिऊन. बगू किती लांब जातोस." मीही म्हणालो, "तू बस इंजनाला धरून." त्यानंतर बोलणं संपलं. माझी बायको शालन तेव्हा हसून म्हणाली होती, "दोगा भावांनी मिळून बापाची गाडी मारली."

शालन पुढं काविळीनं गेली. मूलबाळ नव्हतं. मी दूध संघाच्या शीतकरण केंद्रावर मशीन बघायचो, पहाटे जायचो आणि दुपारी घरी यायचो. दुपारनंतरचा दिवस फार मोठा असतो, हे ज्याच्या घरात कुणी नाही त्यालाच ठाऊक. झोप येत नाही. जेवण एका माणसाचं, ते पटकन होतं. भांडी दोन. मग अंगणात येऊन बसलं की समोर दगडांवर चढवलेला तो सांगाडा. एके दिवशी मी उठलो आणि त्याच्या चाकांच्या नटांना डिझेल चोपडलं. बस, तिथून सुरुवात झाली.

कोल्हापुरातल्या भंगारबाजारात अपघातातल्या एका टेम्पोचं डिझेल इंजिन मिळालं. ते मूळच्यापेक्षा लांब आणि जड. त्याच्यासाठी चासीवरच्या बैठका कापून नव्या वेल्डिंग केल्या, रेडिएटर पुढं सरकवला, पुढचे स्प्रिंगचे पाटे वजनानं बसले म्हणून त्यांत एकेक पान वाढवलं. फोर व्हीलचा डबाही भंगारातच सापडला, पण तो बसवला तर मागचा शाफ्ट चार बोटं आखूड पडला. तो लांब करून आणला, मग पुढचा लांब झाला. असं एक नीट करावं तर दुसरं बिघडायचं. लोकांना वाटायचं मी वैतागत असेन. मला तर बरंच वाटायचं. उद्या करायला काही तरी आहे एवढं झोपताना पुरायचं.

एकच सवय जाता जात नव्हती. गाडीखाली पडलं की हात आपोआप बाहेर जायचा आणि तोंडातून निघायचं, "पंधराचा पाना दे." हात तसाच बाहेर राहायचा. मग आपणच सरपटत बाहेर यायचं, पाना घ्यायचा आणि परत आत जायचं.

त्यातच रेश्माचं लग्न ठरलं. मला कुणी सांगितलं नाही, भिंतीनं सांगितलं. आधी पाहुण्यांचे आवाज आले, मग हसणं, मग एके दुपारी जात्यावरची गाणी. रेश्मा लहान होती तेव्हा भिंतीच्या कडेनं येऊन माझ्या टूलबॉक्समधले नट-बोल्ट ओळीनं लावत बसायची. मोठी झाली तशी रस्त्यात भेटली की नुसती हसायची. बापाचा धाक होता की लाज, मी कधी विचारलं नाही.

आमच्याकडं लग्नाच्या आधी घरोघर जाऊन अक्षता देतात. नवराबायको ताटात हळदकुंकू लावलेले तांदूळ घेऊन निघतात, प्रत्येक उंबऱ्याशी थांबून "लग्नाला या" म्हणतात. त्या दिवशी मी केंद्रावरून लवकर आलो. हातांचं ग्रीस रॉकेलनं काढलं, मग साबणानं काढलं. धुतलेला सदरा-पायजमा घातला आणि दारात उभा राहिलो. भांडण भांडणाच्या जागी, पण पोरीच्या लग्नाची अक्षता कोण चुकवेल? चूल वेगळी झाली की भावालाही रीतीनं अक्षता द्यावी लागते, असं मी धरून चाललो होतो.

दादा आणि वहिनी शेजारच्या घरातून बाहेर पडले. ताट वहिनीच्या हातात होतं. दादानं माझ्याकडं बघितलं. थांबला नाही. दोघं माझ्या दारावरून पुढं गेले आणि पलीकडच्या न्हाव्याच्या दारात थांबले. "सहकुटुंब यायचं बरं का," असं दादा त्याला म्हणालेलं मला ऐकू आलं.

मी आत गेलो, सदरा काढला, परत मळके कपडे घातले.

दुसऱ्या दिवशी केंद्रावरचा शिपाई म्हणाला, "तुमच्या पुतणीच्या लगनाला येतोय हं." त्यालाही अक्षता मिळाली होती. अख्ख्या गावात माझं एकच घर सुटलं. तेव्हाच मी ठरवलं की लग्नाच्या दिवशी गावात राहायचं नाही. भिंतीपलीकडं ताशा वाजतोय, पंगती उठतायत आणि अलीकडं मी दार लावून भाकरी खातोय, हे मला झेपलं नसतं. देवरुखला मामेभाऊ आहे, गजानन. पहाटे निघायचं, आंबा घाट उतरायचा, चार दिवसांनी परतायचं. आणि जायचं ते याच जीपमधून. एसटीनं गेलो असतो तर पळून गेल्यासारखं दिसलं असतं. स्वतःची गाडी अंगणातून चारही चाकांवर बाहेर काढली तर माणूस कामानं गेला, असं लोक म्हणतील.

म्हणून मी दिवसरात्र लागलो होतो. इंजिन चालू झालं, गिअर पडायला लागले, डबाही खटकन बसला. आणि घोडं अडलं ते ब्रेकवर.

ब्रेकच्या नळ्या नव्या घातल्या की त्यांत हवा राहते. पेडल दाबलं की भसकन खाली जातं आणि चाक काही धरत नाही. ती हवा काढायला दोन माणसं लागतात. एकानं सीटवर बसून पेडल मारायचं आणि दाबून धरायचं. दुसऱ्यानं खाली चाकामागचं निप्पल, म्हणजे हवा सोडायचा छोटा पोकळ बोल्ट, सैल करायचं, तेलाबरोबर हवा बाहेर पडू द्यायची, निप्पल आवळायचं आणि मगच सांगायचं, सोड. त्याआधी वरच्यानं पाय उचलला तर बाहेर गेलेली हवा परत आत येते. इंजिन एकट्यानं उतरवता येतं, चासी एकट्यानं कापता येते. एवढं एकच काम असं आहे की त्याला दुसऱ्याचा पाय लागतो.

मी एकट्यानं करून बघितलं. सीट आणि पेडल यांच्यात वाश्याचा तुकडा ठोकून बसवला. निप्पल सैल केलं की पेडल खाली जायचं, वासा निसटून धाडकन पडायचा आणि सगळी हवा पुन्हा आत. दोन बाटल्या तेल त्यात गेलं. माणूस शोधायला गेलो तर गल्लीत माणूस नाही. जो तो लग्नघरात. कुणी चूल खणतंय, कुणी लाकडं फोडतंय, कुणी पत्रावळी मोजतंय. माझ्या भावाच्या घरच्या लग्नापासून पळून जायला मला त्याच घरातला एखादा माणूस उसना हवा होता. हसावं का रडावं तेच कळेना.

अशा वेळी तो रंगराव येऊन गेला होता.

थोड्या वेळानं अंगणात पावलं वाजली. ती रंगरावची नव्हती. मी पुढच्या चाकाशी पडलो होतो. बाजूला दोन पाय येऊन उभे राहिले, टाचांना भेगा पडलेले, उजव्या अंगठ्याचं नख लहानपणी जॅकखाली सापडून काळं झालेलं. ते नख मी कुठंही ओळखलं असतं. जॅक माझ्याच हातून सुटला होता.

"ब्रेक न्हाईत म्हनं," दादा म्हणाला. मला नाही, गाडीला. आमच्याकडं बोलणं बंद असलेली माणसं अशीच बोलतात, जनावराला नाहीतर भिंतीला.

"न्हाईत," मी चासीला सांगितलं.

"काय ऱ्हायलंय?"

"हवा."

आता रंगरावला हाक मारील, चार माणसं लावून गाडी ढकलायला सांगेल, असं मला वाटलं. त्यानं वहाणा काढल्या आणि बाजूला ठेवल्या. अनवाणी पायाला पेडल कळतं, असं वडील म्हणायचे, वहाणांनी बसू द्यायचे नाहीत. मग पाटे करकरले. गाडी माझ्या नाकावर बोटभर खाली आली. दादा सीटवर बसला होता.

मी सरपटत मागच्या डाव्या चाकाशी गेलो. सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात करतात. निप्पलला रबराची नळी लावली, तिचं टोक बाटलीत सोडलं.

"मार," मी म्हणालो.

पेडल तीनचारदा खालीवर झालं.

"धर."

"धरलाय."

मी निप्पल सैल केलं. फसफस करत पांढरं फेसाळ तेल नळीतून आलं. निप्पल आवळलं.

"सोड."

"सोडला."

एवढंच. पण इतक्या वर्षांत आम्ही एकमेकांना बोललेले ते पहिले शब्द होते. मी खाली होतो म्हणून बरं, तोंड दिसत नव्हतं.

"मार."

"मारतोय."

"धर."

"धरलाय."

त्या जुन्या जीपमध्ये ब्रेकचं तेल ओतायची जागा ड्रायव्हरच्या पायाखाली असते, पत्र्याच्या झाकणाखाली. ते कमी झालं की वरचाच माणूस ओततो. दादाला मला सांगावं लागलं नाही. झाकण उघडल्याचा आवाज यायचा, तेलाची गुळगुळ यायची, झाकण बंद. मग तोच म्हणायचा, "हां." पहिलं चाक झालं, दुसरं झालं. तिसऱ्याला हवा कमी निघाली. चौथ्याला दोन बुडबुडे आले आणि मग नळीतून नुसतं स्वच्छ तेल आलं, काचेसारखं.

काम झालं होतं. आता "झालं" म्हणायचं, तो उतरणार, वहाणा घालणार आणि जाणार. उद्यापासून पुन्हा भिंत.

"परत एकदा मागचं बगू," मी म्हणालो.

"बग."

मी परत मागच्या चाकाशी गेलो. मार. धर. सोड. नळीत एकही बुडबुडा नव्हता. मी सांगत होतो, तो मारत होता. पेडल एव्हाना दगडासारखं झालं असणार, त्याच्या पायाला कळल्याशिवाय राहणार नव्हतं. माझ्यापेक्षा जास्त गाड्यांची हवा त्यानं काढली होती. तरी तो मारतच राहिला. झाकण उघडलं, तेल ओतलं, झाकण बंद.

तेवढ्यात रंगराव परत आला. "दादा, झालं का न्हाई? ऊन कललं की."

"दम धर," दादा वरून म्हणाला. "अजून हवा हाय."

माझ्या हातातला पाना निसटला आणि कपाळावर पडला. दुखलं, पण मी आवाज केला नाही. दादा खोटं बोलला होता. रंगराव कुरकुरत गेला.

"मार," मी म्हणालो.

पेडल हाललं नाही.

"मागं पिशवी कसली हाय?" दादानं विचारलं. या वेळी गाडीला नाही, मला.

"माजीच. कापडाची."

"कुटं निगालास?"

"देवरुखला. गजाननकडं."

"कवा?"

"परवा पाटंचं."

परवा म्हणजे लग्नाचा दिवस. ते त्याला समजायला वेळ लागला नाही. मग पेडल आपणच तीनदा खालीवर झालं आणि तो म्हणाला, "धरलाय."

मी निप्पल सैल केलं. तेलाची धार नळीतून बाटलीत पडू लागली.

"पुतनीचं लगीन," दादा सावकाश म्हणाला, "आन चुलता देवरुखला."

मग मात्र माझा तोल गेला. इतके दिवस दाताखाली धरलेलं सगळं बाहेर आलं.

"चुलत्याला कुनी इचारलंय का? साऱ्या गावाला अक्षता दिलीस. न्हाव्याला दिलीस, केंद्रावरच्या शिपायाला दिलीस. माज्या दारावरनं ताट घिऊन म्होरं गेलास. मी दारात हुबा हुतो, दादा. हातपाय धुऊन, धुतलेली कापडं घालून हुबा हुतो. तू बगितलंस आन गेलास."

दादा म्हणालो हे मला म्हणून झाल्यावर कळलं. निप्पल उघडंच होतं, आवळायचं भान राहिलं नव्हतं. पेडल तळाला टेकलेलं असणार. त्यानं पाय उचलला असता तर सगळी मेहनत वाया गेली असती, बाहेर काढलेली हवा परत आत आली असती. त्यानं पाय उचलला नाही.

"आरं येड्या," तो म्हणाला. आवाज असा की रागावलाय की काय ते कळेना. "अक्षता भाईरच्याला देत्यात. तुला दिली आस्ती म्हंजी तू भाईरचाच झाला आस्तास की. तुज्या वैनीनं ताट घिऊन पाऊल टाकलंच हुतं तुज्या दाराकडं. मीच म्हनलं, घरच्याला कुनी बोलवत न्हाई, चल म्होरं. वाटलं, हुबा ऱ्हायलाय म्हंजी येईल आपनहून संगं. तू आत गेलास."

"चूल येगळी झाली की—"

"चूल येगळी झाली म्हनून सुतक येगळं झालं का? शालन गेली तवा आमी दहा दिस सुतक धरलं. डोई भादरली मी. तवा कोन सांगाय आलं हुतं मला, धर म्हनून?"

ते खरं होतं. शालनच्या दहाव्याला नदीवर तो माझ्या शेजारीच बसला होता, डोकं भादरून, पाण्याकडं बघत. एक शब्द बोलला नव्हता. मीही त्याला ये म्हणालो नव्हतो. आला होता. मला त्या वेळी त्यात काही विशेष वाटलं नाही, कारण भावानं यायचंच असतं.

"निप्पल आवळ आदी," दादा म्हणाला. "पाय भरून आला माजा."

मी चाचपडत पाना शोधला. आवळलं.

"आवळलं."

"सोडू?"

"सोड."

पाटे पुन्हा करकरले. काळं नख असलेला पाय जमिनीवर आला, मग दुसरा. त्यानं वहाणा घातल्या. बोनेटवरचं भेंडोळं उचलल्याचा आवाज आला.

"आन उद्या सकाळी मांडवडहाळं आनायचेत," तो म्हणाला. "वरच्या टेकावरच्या उंबराचं पायजेत, खालचा उंबर किडलाय. बैलगाडी तितनं चडत न्हाई. तुजी गाडी लागंल. आंगुळ करून ये, त्या डिझेलच्या हातानं डहाळ्याला शिवू नगंस."

"बरं."

"डबा बसवलायस न्हवं फोर व्हीलचा? का नुसताच रंग दिलायस?"

"बसवलाय."

दोन पावलं जाऊन तो परत वळला.

"ब्रेक लागत्यात न्हवं नीट? मागं रेश्माच्या मैतरनी बसनार हाईत."

"लागत्यात."

"मग काड गाडी. रंगराव तकडं डोकं खातोय माजं."

तो गेला. मला लगेच बाहेर यायला झालं नाही. तिथंच गाडीखाली पडून मी रडलो. हुंदका दाबून नाही, चांगला आवाज करून रडलो. शालन गेली तेव्हासुद्धा असा रडलो नव्हतो. भिंतीपलीकडं लाडू वळणाऱ्या बायकांचं बोलणं एकाएकी थांबलं, म्हणजे त्यांना ऐकू गेलं असणार. गेलं तर गेलं. माझं माझ्या ताब्यात नव्हतं.

मग भिंतीवरून वहिनीचा आवाज आला. वाटणी झाल्यापासून तिनं मला हाक मारली नव्हती.

"भावजी, झालं का रडून? लाडवाला तूप कमी पडतंय. गाडी निगालीच हाय तर केंद्रावरनं घिऊन या."

मी सदऱ्याच्या बाहीनं नाक पुसलं.

"किती किलो?" मी गाडीखालूनच ओरडून विचारलं.